मैदानाचा उतार

आमच्या शाळेच्या मैदानाला उतार होता. कोल्हापुरात सपाट जागा नाहीत अशातला भाग नाही, पण शाळेच्या वाट्याला आली ती तशी. वरच्या कुंपणापाशी बॉल ठेवून हात काढला की तो आपला आपण चालू लागायचा आणि खालच्या अंगाच्या ओढ्यात जाऊन थांबायचा. ओढा म्हणायचं ते कौतुकानं. वरच्या दोन गल्ल्यांचं सांडपाणी होतं ते. ज्याच्या पायाला लागून बॉल ओढ्यात गेला त्यानंच तो काढायचा, हा नियम ऑफसाइडपेक्षा कडक पाळला जाई.

मी खालच्या बाजूला खेळायचो. हाफटाइमला बाजू बदलल्या की डावीकडचा मी उजवीकडे जायचो, पण ओढा काही सुटायचा नाही, कारण त्यात उतरायची लाज सगळ्यांत कमी मला होती. तिथं खेळून एक गोष्ट अंगात मुरली. बॉल आपल्याकडे येताना दिसला की आधी बॉल आणि ओढा यांच्या मधे जाऊन उभं राहायचं, पुढचं पुढं. वरच्या बाजूच्या पोरांचं उलट होतं. त्यांनी बॉल नुसता ढकलला तरी भागायचं, बाकीचं काम उतार करायचा. ती सगळी दहावीपर्यंत आळशी झाली. आमचा गोलकी किक मारताना तोंड नेहमी वरच्या कुंपणाकडे करायचा. बॉल तिकडून वळसा घेऊन बरोबर मैदानाच्या मधोमध यायचा.

बाहेरच्या शाळेची टीम आली की पहिली दहा मिनिटं बघण्यासारखी असत. त्यांचा सरळ पास सरळ जायचाच नाही. चारदा ओढ्यात उतरून त्यांच्या पांढऱ्या मोज्यांची वाट लागली की मॅच आमची. पीटीचे सर याला 'आपली पद्धत' म्हणायचे. 'आपली पद्धत कडेकडेनं खेळायची,' असं पालकांना अभिमानानं सांगत. मग नववीत आंतरशालेय सामन्यांसाठी आम्ही शाहू स्टेडियमवर गेलो. सपाट, हिरवंगार. आमच्या गोलकीनं सवयीप्रमाणे तिरकं तोंड करून पहिली किक हाणली ती थेट प्रेक्षकांत. त्या दिवशी आम्ही पाच गोल खाल्ले आणि आपली पद्धत ओढ्याकाठीच राहिली.

पुढं कधीतरी योव्हिल या इंग्लिश गावाबद्दल वाचलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यांच्या ह्युइश मैदानाला या बाजूपासून त्या बाजूपर्यंत तब्बल ८ फुटांचा उतार होता. २९ जानेवारी १९४९ ला एफए कपच्या सामन्यासाठी तिथं सुंदरलँड आलं. सुंदरलँड म्हणजे तेव्हाचे पैसेवाले. खेळाडू विकत घेण्यापायी 'बँक ऑफ इंग्लंड' असंच नाव पडलेलं. योव्हिल तर लीगमध्येही नव्हतं. जादा वेळेत गेलेला तो सामना योव्हिलनं २-१ जिंकला. उतारामुळेच जिंकला असं मी म्हणणार नाही. पण सुंदरलँडच्या त्या महागड्या फॉरवर्डांची पहिली दहा मिनिटं कशी गेली असतील, ते मला न बघता ठाऊक आहे.

माझा मामा पेठेतल्या एका तालमीकडून खेळलेला. कोल्हापूरबाहेरच्यांना हे सांगावं लागतं: आमच्याकडे फुटबॉल क्लबांचा नाही, तालमींचा. जिथं कुस्तीचा आखाडा, त्याच तालमीची फुटबॉलची टीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं ऐकून परगावच्या माणसाला वाटतं, हे भजनी मंडळ असणार. मामा बॅकला खेळायचा आणि त्याचा खांदा लागला की माणूस टचलाइनच्या बाहेर चहावाल्यापर्यंत जायचा. १९८६ पासूनचे सगळे वर्ल्ड कप मी त्याच्या शेजारी बसून पाहिले. त्याचा एक सिद्धांत होता आणि तो दर चार वर्षांनी नव्यानं ऐकायला मिळायचा.

"रक्तात असतंय ते. ब्राझीलच्या पोराला नाचायला शिकवाय लागतंय व्हय? जर्मनवाला मशिनीगत खेळणार. इटलीवाला दार लावून बसणार. तू कायबी कर."

मी लहानपणी मान डोलवायचो. अजूनही टीव्हीवरचे तज्ज्ञ कोट-टाय घालून मामाचंच बोलतात, फक्त 'फुटबॉल संस्कृती' असा शब्द वापरतात. मला मात्र आमचा गोलकी आठवत राहतो. तिरकी किक त्याच्या रक्तात नव्हती, ती उतारात होती. सपाट मैदान मिळालं असतं तर सहा महिन्यांत सुटली असती. मला वाटतं, टीमची शैली म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ती आधी कसलीतरी अडचण असते. तिची सवय होते, आणि सवयीला दिवस झाले की कुणीतरी पीटीचे सर येऊन तिला 'आपली पद्धत' म्हणतात.

इटलीच्या त्या बंद दाराचंच घ्या. 'कतेनाच्यो' म्हणजे कडी. पण कडी घातली पहिल्यांदा एका ऑस्ट्रियन माणसानं, आणि तीही स्वित्झर्लंडमध्ये. कार्ल राप्पान १९३० च्या दशकात जिनिव्हाच्या सर्व्हेत क्लबचे कोच होते. त्यांचे खेळाडू अर्धवेळ व्यावसायिक. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. समोर पूर्णवेळ व्यावसायिक आले की दमसासात ते उणे पडायचे. एकास एक माणूस लावला तर तासाभरानंतर आपला माणूस मागे राहणार हे उघड होतं. मग राप्पान यांनी हाफच्या जागेवरचे दोघे मागे ओढले आणि बचावाच्या पाठीमागे एक जादा माणूस मोकळा ठेवला. पुढच्याच्या हातून सुटलं तर तो आवरणार. याला तिकडे 'व्हेरू' म्हणत, म्हणजे पुन्हा कडीच. १९३८ च्या वर्ल्ड कपमध्ये याच कडीच्या जोरावर स्वित्झर्लंडनं पॅरिसमध्ये जर्मनीला घरी पाठवलं. पहिला सामना १-१, दुसऱ्यात ०-२ नं मागे पडून ४-२. जर्मनीनं त्याच वर्षी ऑस्ट्रिया गिळला होता आणि त्या संघात ऑस्ट्रियन खेळाडूही होते.

ही कडी इटलीत उचलली तीही मोठ्यांनी नव्हे. सालेर्निताना, त्रिएस्तिना असल्या लहान, कमी पैशाच्या क्लबांनी. नेरेओ रोक्को यांची त्रिएस्तिना १९४७-४८ मध्ये लीगमध्ये संयुक्त दुसरी आली, तेव्हा मोठ्यांचे डोळे उघडले. रोक्को पुढं मिलानला गेले. शेजारच्या इंटरमध्ये एलेनिओ एरेरा यांनी त्याच कडीला पॉलिश केलं आणि १९६४ व १९६५ असे लागोपाठ दोन युरोपियन कप नेले. म्हणजे गरिबाघरची चटणी भाकरी श्रीमंताच्या हॉटेलात चांदीच्या ताटात आली. तोवर तिचं तत्त्वज्ञानही तयार झालं होतं. जान्नी ब्रेरा हे इटलीचे फार मोठे क्रीडापत्रकार. त्यांचं म्हणणं असं की इटालियन माणूस पिढ्यानपिढ्या अर्धपोटी वाढलेला, अंगानं कमी, तेव्हा त्यानं मागे थांबून डोकं वापरावं हेच त्याच्या प्रकृतीला साजेसं. मामाचा सिद्धांतच, पण चांगल्या गद्यात.

आणि मग १९८७ मध्ये मिलाननं अरिगो साक्की नावाचा माणूस कोच म्हणून आणला. स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला, वडिलांच्या कारखान्याचे बूट विकणारा. पत्रकारांनी त्यावरून डिवचलं तेव्हा ते म्हणाले होते की घोडेस्वार व्हायला आधी घोडा असावं लागतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कडी काढली आणि दार चौकटीसकट पुढं ढकललं. चारही बचावपटू एका रेषेत, जवळजवळ मध्यरेषेपर्यंत. फॉरवर्ड आणि बॅक यांच्यात अंतर इतकं थोडं की समोरच्याला श्वास घ्यायला जागा नाही. साक्की एक किस्सा सांगायचे. टीममधले डच खेळाडू गुलिट आणि फान बास्टन यांना हे सगळं पटत नव्हतं, तेव्हा त्यांनी पैज लावली. माझा गोलकीपर आणि चार बॅक, तुम्ही दहा जण, पंधरा मिनिटं. गोल करून दाखवा. एकही झाला नाही. बॉलशिवायचा सराव हे त्यांचं आणखी एक वेड. अकरा जण मैदानावर हवेतल्या बॉलमागे रांगेनं सरकतायत. दुरून बघणाऱ्याला ही माणसं वेडी झाली असंच वाटावं. १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप मिलानकडे आले. बचावात मालदिनी, बारेसी, कोस्ताकुर्ता, तासोत्ती, चौघंही इटलीचीच. ब्रेरांनी सांगितलेली प्रकृती एका बूटविक्यानं दोन-तीन हंगामांत पालटून टाकली.

पण मला खरं बोलायचंय ते बिल्बाओबद्दल. या विषयावर माझ्याशी कुणीही वाद घालायला आलं की मी त्याला फिरवून बिल्बाओला नेतो, अगदी विषय सोडून.

अॅथलेटिक बिल्बाओ हा उत्तर स्पेनच्या बास्क मुलखातला क्लब साधारण १९१२ पासून फक्त बास्क खेळाडू घेतो. तिथं जन्मलेला, नाहीतर तिथं खेळ शिकून वाढलेला. सगळ्या बास्क मुलखाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची ३८ लाखांवर होती. म्हणजे असं समजा, की फक्त कोल्हापूर जिल्ह्यातली पोरं घेऊन एक टीम काढायची, शिरोळपासून चंदगडपर्यंत, सांगलीचा एकही नाही, आणि ती शंभर वर्षं रेआल माद्रिद-बार्सिलोनाच्या लीगमध्ये टिकवायची. ती टिकलीय. स्पॅनिश लीगच्या पहिल्या श्रेणीतून कधीच खाली न गेलेले क्लब तीन: रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि हे.

शैली मातीतून येते असं मानणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? माती तीच, पाऊस तोच, माणसं तीच. मग शंभर वर्षं खेळही एकच असायला हवा.

सुरुवातीला तसं वाटतंही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये स्पेन स्वीडनशी खेळत होता. बिल्बाओचा बेलाउस्ते नावाचा आडदांड गडी ओरडला, की साबिनो, बॉल माझ्याकडे टाक, मी यांना तुडवतो. आणि खरोखरच बॉल आणि चार-दोन स्वीडिश माणसं घेऊन गोलमध्ये घुसला, असं सांगतात. त्या स्पर्धेनं स्पॅनिश फुटबॉलला एक शब्द मिळाला, 'फुरिया', म्हणजे त्वेष. पुढची कितीतरी दशकं 'स्पेनचं रक्त' म्हणजे हे होतं: अंगावर जाणं, चिखल, आरडाओरडा. (मामाला हा स्पेन आवडला असता.)

पण त्यानंतर दोनच वर्षांनी बिल्बाओत एक इंग्रज येऊन दाखल झाला. फ्रेड पेंटलंड. डोक्यावर गोल टोप, तोंडात सिगार. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत कोच म्हणून गेला आणि युद्ध पेटल्यावर बर्लिनजवळच्या रूलेबेनच्या नजरकैदेत अडकला. याच्याकडून बिल्बाओनं काय शिकावं? इंग्रज म्हणजे लांब किक आणि धक्काबुक्की, असं आपण समजतो. यानं शिकवले आखूड पास. पायातून पायात, जमिनीलगत. सर्वांत दमट, चिखलाच्या मुलखात, चिखलासाठी प्रसिद्ध असलेल्या देशातून आलेल्या माणसानं! १९२९-३० ची लीग या टीमनं एकही सामना न हरता जिंकली. स्पेनचा कप तर १९३० पासून लागोपाठ चार वर्षं. फेब्रुवारी १९३१ मध्ये यांनी बार्सिलोनाला १२-१ नं धुतलं. बार्सिलोनाचा तो आजवरचा सर्वांत मोठा पराभव आहे. जिंकल्यावर पोरं पेंटलंडचा टोप हिसकावून पायाखाली तुडवायची. टोपीवाल्याचा धंदा तेव्हा जोरात असणार.

त्या पिढीत असे इंग्रज बरेच निघाले. जिमी होगन १९१४ मध्ये व्हिएन्नात शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून अटकेत पडले, तिथून बुडापेस्टला गेले आणि युद्धाच्या काळात तिथल्या एमटीके क्लबला शिकवत राहिले. जॅक रेनॉल्ड्स अॅमस्टरडॅमला आयाक्समध्ये स्थिरावले. त्यांच्या हाताखाली खेळलेले रिनुस मिखेल्स पुढं आयाक्सचे कोच झाले, मिखेल्सच्या हाताखाली योहान क्रायफ घडले, आणि १९८८ मध्ये क्रायफ कोच म्हणून बार्सिलोनाला गेले. १९५३ मध्ये हंगेरीनं वेम्ब्लीवर येऊन इंग्लंडला ६-३ नं लाजवलं, तेव्हा हंगेरीच्या संघटनेच्या प्रमुखांनी होगन यांचं नाव घेतलं. इंग्रजांनी साऱ्या जगाला आखूड पास शिकवला आणि स्वतः घरी जाऊन लांब किका मारत बसले. आपल्याकडे म्हणतात तसं, लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

बिल्बाओकडे परत येतो. पेंटलंड गेले, युद्धं झाली, आणि हळूहळू आखूड पास विसरला गेला. मला कळू लागलं तेव्हाचं बिल्बाओ म्हणजे कडेनं पळणं आणि पेनल्टी बॉक्समध्ये उंच बॉल. २००७ ते २०११ होआकिन कापारोस यांच्या काळात तर एकच कार्यक्रम होता: उंचापुरा फर्नांदो योरेंते पुढं उभा, बॉल त्याच्या डोक्यावर टाका. यात कमीपणा काही नाही. विकत घ्यायला बंदी असल्यावर घरात जे आहे त्यावर स्वयंपाक करायचा असतो, आणि घरात योरेंते होता.

२०११ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिनाचे मार्सेलो बिएल्सा आले. टीम बहुतेक तीच, योरेंतेही तोच. सहा महिन्यांत ती ओळखू येईना. आता बॉल डोक्यावर जात नव्हता. प्रत्येक जण आपल्या माणसाच्या पाठीमागे मैदानभर धावत होता आणि बॉल मिळाला की चार-पाच जण एकदम पुढं सुटत होते. ६ नोव्हेंबर २०११ चा सामना मी रात्री उशिरा जागून पाहिला. सान मामेसवर, म्हणजे बिल्बाओच्या मैदानावर, बार्सिलोना. पाऊस असा की टीव्हीच्या पडद्यावर रेघा. मैदानात तळी साचलेली. पास मारला की पाणी उडायचं आणि बॉल मधेच थांबायचा. अशा पाण्यात बार्सिलोना आपले आखूड पास सोडत नव्हती, आणि गंमत म्हणजे बिल्बाओही सोडत नव्हतं. ज्यांची आजोबा-पणजोबांपासूनची ख्याती चिखलातल्या त्वेषाची, ते चिखलात गुआर्दिओलाच्या बार्सिलोनाशी पासिंगची बरोबरी करत होते. सामना २-२. बार्सिलोनाची बरोबरी मेस्सीनं अगदी शेवटी, जादा मिनिटांत केली. मी उठून खिडकी उघडली तर पुण्यात नोव्हेंबरातली कोरडी थंडी होती आणि मला उगाचच चिखलाचा वास येत होता.

त्या हंगामात त्यांनी मँचेस्टर युनायटेडला दोन्ही सामन्यांत हरवलं, ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ आणि घरी २-१. दोन अंतिम सामन्यांत पोचले आणि दोन्ही ०-३ हरले, कारण मेपर्यंत पोरांच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. बिएल्सांच्या खेळाचा हिशेब कुठेतरी चुकवावा लागतोच.

आणि आजचं बिल्बाओ तिसरंच आहे. घानाहून निघून सहाराचं वाळवंट चालत ओलांडलेल्या एका जोडप्याला १९९४ मध्ये बिल्बाओत मुलगा झाला, २००२ मध्ये पाम्प्लोनात दुसरा. इन्याकी आणि निको विल्यम्स. जन्मानं दोघं क्लबच्या नियमात चोख बसतात. दोन्ही कडांना असा वेग मिळाल्यावर टीम कशी खेळणार, हे ठरवायला कोचला कागद-पेन्सिल लागत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सेव्हियाला स्पेनचा कप जिंकला, चाळीस वर्षांनी, आणि नदीतून ती जुनी गबारा, म्हणजे सामान वाहायची होडी, खेळाडूंना घेऊन निघाली. दोन्ही काठांवर माणसं. त्यांतल्या एखाद्या आजोबांनी नातवाला सांगितलंच असेल की आपला खेळ असलाच, पहिल्यापासून कडेनं, वाऱ्यासारखा.

स्पेनच्या फुरियाचं काय झालं तेही सगळ्यांना माहीत आहे. स्पेनचे कोच लुईस आरागोनेस यांनी हिशेब मांडला की अंगाला अंग भिडवून आपण जिंकणार नाही, तेव्हा बॉलच समोरच्याला द्यायचा नाही. चावी, इनिएस्ता, दोघंही पाच फूट सात इंचांच्या आसपास. २००८ चा युरो आला, २०१० चा वर्ल्ड कप आला, आणि आखूड पास हे 'स्पेनचं रक्त' झालं. रक्तगट बदलला म्हणायचा.

नियमांनी खेळ किती बदलतो याकडे मात्र प्रेक्षकांचं लक्षच जात नाही. १९२५ पर्यंत ऑफसाइड टाळायला फॉरवर्डसमोर तीन प्रतिस्पर्धी लागत. ते दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आदल्या हंगामात ११९२ गोल झाले होते, त्या हंगामात १७०३. ऑक्टोबरात आर्सेनल न्यूकॅसलला ०-७ हरलं आणि त्यानंतर खेळाडू चार्ली बुकन यांनी सुचवल्यावरून मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफला बॅकच्या रांगेत ओढलं. ज्याला पुढं 'इंग्लिश शैली' म्हणून तीसेक वर्षं पुजलं, ती एका शनिवारी खाल्लेल्या सात गोलांवरची मलमपट्टी होती. १९९२ पासून बॅकनं पायानं दिलेला पास गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही, असं ठरलं, म्हणून आजचे गोलकीपर पायानं खेळतात. आणि २०१९ पासून गोलकिकचा बॉल आपल्या माणसाला पेनल्टी बॉक्सच्या आतच घेता येतो, म्हणून ते दोन सेंटरबॅक गोलकीपरच्या दोन्ही हातांना उभे राहून आपल्या काळजाचा ठोका चुकवतात.

गवताचं तर विचारूच नका. एप्रिल १९७७ मध्ये डर्बी विरुद्ध मँचेस्टर सिटी सामन्यात पेनल्टी मिळाली आणि पेनल्टीचा ठिपकाच सापडेना. चिखलात बुडाला होता. मैदानाचा माळी मोजपट्टी आणि रंगाची बादली घेऊन आला, अंतर मोजलं, ठिपका रंगवला, मग पेनल्टी झाली. जिथं ठिपका टिकत नाही तिथं पास काय टिकणार? बॉल हवेतूनच नेला पाहिजे. पण इंग्रजांनी त्याचंही शास्त्र केलं. चार्ल्स रीप नावाचे हवाई दलातले हिशेबनीस १८ मार्च १९५० ला स्विंडनचा सामना बघत होते. हाफटाइमनंतर त्यांनी खिशातून वही काढली आणि प्रत्येक चढाईत किती पास झाले हे टिपू लागले. मग वर्षानुवर्षं टिपत राहिले. निष्कर्ष: बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांतून होतात, तेव्हा पास कमी करा, बॉल लांब मारा. यावर संघ उभे राहिले. चूक इतकीच, की सामन्यातल्या बहुतेक चढायाच मुळात तीन पासांच्या आत संपतात. पुण्यात सगळ्यांत जास्त पंक्चर दुचाकींचे होतात; म्हणून दुचाकीचा टायर कच्चा असं कुणी म्हणत नाही, दुचाक्याच जास्त आहेत. तरी मला रीप यांच्याबद्दल माया वाटते. पावसात छत्री सावरत वहीत रेघा ओढणारा माणूस फुटबॉलवर प्रेम करत नसेल असं कोण म्हणेल.

माझीही एकदा चांगलीच फजिती झाली आहे. २०१७ मध्ये एफसी गोवाकडे सर्जिओ लोबेरा आले, बार्सिलोनाच्या अकादमीत काम केलेले. इंडियन सुपर लीगमध्ये तेव्हा बॉल उडवाउडवी फार. गोव्याची टीम मात्र गोलकीपरपासून आखूड पास देत पुढं यायची आणि त्यांचा फॉरवर्ड कोरो गोलांचा पाऊस पाडायचा. फातोर्ड्याला एक सामना बघून परतताना मी गोव्यातल्या मित्राला गाडीत ठासून सांगितलं होतं, की हे इथल्या मातीतलं आहे, पोर्तुगीजांच्या काळापासूनचा फुटबॉल, निवांत, लयीत. मामाचंच रक्त बोलत होतं बहुतेक. २०२० च्या सुरुवातीला क्लबनं लोबेरांना दूर केलं. संघ लीगमध्ये पहिला आला, पण तोवर ते गेलेले. पुढच्या हंगामात ते मुंबई सिटीचे कोच. सोबत गोव्याच्या टीममधलेच जाहू, बूमू, फॉल आणि मंदार राव देसाई. आणि काय आश्चर्य, मुंबई सिटी निवांत, लयीत, गोलकीपरपासून आखूड पास देत खेळू लागली. कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाला. उपांत्य फेरीत मुंबईनं एफसी गोवाला पेनल्टींवर हरवलं. अंतिम सामना १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला, बिपिन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल, मुंबई २-१.

रात्री मित्राचा मेसेज आला. "आमची माती तुमच्या मुंबईक गेली रे."

मी उत्तर दिलं नाही. मी कोल्हापूरचा, मुंबई माझी कुठून झाली, एवढं तरी लिहायला हवं होतं.

मामा आता पंच्याहत्तरीचा आहे. गुडघे गेले. त्याला मी बिल्बाओची सगळी कथा फोनवर ऐकवली, पेंटलंडच्या टोपासकट. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हंजे त्यांच्या रक्तातच हाय की रं, कोण काय सांगंल ते शिकायचं." यावर मी काय बोलणार?

एक गोष्ट मात्र खरी. सवय सुटता सुटत नाही. दर शनिवारी सकाळी आम्ही पन्नाशीला टेकलेले सात-आठ जण पुण्यात तासावर भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर खेळतो. हिरवं प्लास्टिक, खाली रबराचे काळे कण, चारी बाजूंनी जाळी. सपाट असं की पातळी लावून बघावं. आयटीतली दोन तरुण पोरं माणसं कमी पडली की आमच्यात येतात. परवा त्यांतल्या एकानं मला सुंदर पास दिला, अगदी पायात. मी तो सोडला आणि धावत जाऊन जाळीपाशी उभा राहिलो. बॉल जिथं द्यायचा होता तिथंच थांबला. समोरच्यांनी उचलला आणि गोल केला.

"काका, तिकडे कुठे गेलात?" पोरानं विचारलं.

जाळीच्या पलीकडे पार्किंग होतं. मी तिकडे बघितलं, बूट झटकले आणि म्हटलं, चल, पुढचा दे.